पाण्याने काही झालं नव्हतं

आणि आई, ते पाण्यामुळे नव्हतंच. पाणी शिंपडलेलं हे खरंय, मी समोर उभी होते. बाबांनी आंब्याचं पान तांब्यात बुडवलं आणि कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटवर दोनदा झटकलं, बसच्या बॉनेटवर झटकायचे तसं. पण मशीन गेलं ते त्यामुळे नाही. मला हे कळून तीन आठवडे झाले आणि बाबांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतंय त्यांनी जाळलं. खरं तर तेवढंच सांगायला बसलेय, पण तुला मधलं काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा घरात कॉम्प्युटरच नव्हता. म्हणजे मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागणार, आणि माझं मराठी लिहिणं तुला माहितीये. इंग्लिश मीडियममध्ये घालायचा हट्ट तुझाच होता, त्यामुळे चुका दिसल्या तर त्या अर्ध्या तुझ्या.

तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. बारा वर्षं झाली त्याला. आम्ही कळव्यालाच आहोत, त्याच घरात, फक्त मोरी फोडून बाथरूम केलंय. मी ठाण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. कोणाचं मशीन चालू होत नाही, कोणाचा प्रिंटर रुसून बसलाय, की मला हाक. मला हे काम मनापासून आवडतं. घरी पण तेच करते, पार्ट्स आणते, जोडते, सोडवते, आख्ख्या बिल्डिंगचे लॅपटॉप माझ्याकडे येतात. माझं स्वतःचं एक गेमिंग मशीन आहे, कॉलेजात असताना एकेक पार्ट जमवून बनवलेलं. बाबांनी तू गेल्यावर आठ वर्षं बस चालवली. मग शुगर डोळ्यांवर गेली, वर्षाच्या तपासणीत ते नापास झाले, आणि त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून डेपोच्या खिडकीत बसवलं. खिडकीत सहा महिने बसले आणि नोकरी सोडून घरी आले. घरी काय करायचे माहितीये? काहीच नाही. सकाळी साडेचारला उठायचे, ड्युटी असल्यासारखी दाढी करायचे, आणि खुर्चीत बसायचे. मी ऑफिसातून आले की त्याच खुर्चीत. मी बोलले की हं, ताट वाढलं की हं. दीड वर्षं आमच्या घरात हं एवढंच चाललेलं.

मग एका रविवारी मी बस चालवायचा एक गेम टाकला, असाच, गंमत म्हणून. बाबा मागे येऊन उभे राहिले. मी वळणावर बस फुटपाथवर चढवली, तर मागून आवाज आला, "आरसा कोण बघणार, तुझा मामा?" दीड वर्षात पहिलं सरळ वाक्य, आई. मी उठले, त्यांना बसवलं. पुढच्या महिन्यात स्टेअरिंग आणि पायाखालचे पेडल आणले, आणि त्यानंतर ती खुर्ची त्यांची झाली. दोन वर्षं रोज. गेमला ते गेम म्हणत नाहीत, ड्युटी म्हणतात. "आज दुपारपाळी आहे," असं मला सांगतात. रिकाम्या रस्त्यावर इंडिकेटर देतात. स्टॉपवर कोणी चढत नसलं तरी थांबतात, आणि तोंडाने बोलतात, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." त्या गेममध्ये स्वतःचा डेपो काढता येतो, ड्रायव्हर ठेवता येतात. बाबांनी अकरा ड्रायव्हर ठेवलेले, आणि सगळ्यांना त्यांच्या जुन्या डेपोतल्या माणसांची नावं दिलेली. त्यातले तीन आता नाहीत. मला हे आधी कळलं नाही, मला वाटलं कुठली तरी नावं टाकलीत. मग एकदा ते एका ड्रायव्हरला लांबचा रूट देत नव्हते, मी विचारलं का, तर बोलले, "त्याला कंबरेचा त्रास होता गं."

आता अपग्रेडचं. माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्यामुळे गेममधल्या लांबच्या गोष्टी पुसट दिसायच्या. मला फरक पडत नव्हता. बाबांना पाट्या वाचता यायच्या नाहीत. पुढे मान काढून, डोळे बारीक करून बघायचे, आणि वळण हुकलं की स्वतःवर चिडायचे, खऱ्या बसवर चिडायचे तसेच. मी ठरवलं, कार्ड बदलायचं. नवीन कार्डला वीज जास्त लागते, म्हणून पॉवर सप्लाय पण नवीन घेतला, म्हणजे तो डबा असतो ना आतला, जो सगळ्यांना करंट वाटतो, तो. दोन्ही नवमीच्या दिवशी घरी आले. मी दुपारभर बसून जोडले. बाबा बाजूला स्टूल घेऊन बसलेले, स्क्रू हातात देत होते. झालं, मी बटण दाबायला गेले तर हात धरला. "उद्या दसरा आहे. नवीन वस्तू, पूजा केल्याशिवाय चालू नाही करायची." मी हसले, पण थांबले. कॅबिनेटचं झाकण त्यांनीच उघडं ठेवायला लावलं, कार्डाला कुंकू लागलं पाहिजे म्हणून.

दसऱ्याला शहाडची आत्या जेवायला आलेली, दरवर्षी येते तशी. बाबांनी अठ्ठावीस वर्षं बसची पूजा केली त्याच तयारीने सगळं मांडलेलं. झेंडूचा हार कॅबिनेटला. स्टेअरिंगला वेगळा छोटा हार. हळदकुंकू, अक्षता, आपट्याचं पान. लिंबू ठेवायला चाक नव्हतं म्हणून कीबोर्डच्या खाली ठेवलेलं. आत्या बोलली, "अरे, आता हॉर्न पण वाजव," आणि आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी पान बुडवलं आणि पाणी झटकलं. मला दिसलं, मी आ केला सुद्धा, पण तोपर्यंत झालेलं, दोन थेंब पडलेले, आणि सणाच्या दिवशी कुठे बोलायचं म्हणून मी फक्त फडक्याने वरचं पुसलं. बोलले, बाबा, बटण तुम्ही दाबा. तुमच्यासाठी आणलंय. त्यांनी बटणाला नमस्कार केला, आणि दाबलं.

टक असा आवाज आला. जळल्याचा वास आला. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

मी काय बोलले ते मला तसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर मी ते कितीतरी वेळा मनात ऐकलंय. मी बोलले, "पाणी कोणी टाकतं का कॉम्प्युटरवर? ही बस नाहीये बाबा. सगळं जाळलंत तुम्ही." ओरडून, आत्यासमोर. हातात अजून ते पान, आणि बाबा बघतायत माझ्याकडे. मग ते वाकले, खिशातला रुमाल काढला आणि कार्डावरचं कुंकू पुसायला लागले, हळूच, लहान मुलाचं नाक पुसतात तसं, आणि पुसता पुसता बोलले, "दोनच थेंब होते गं." मी रुमाल काढून घेतला. "आता हात नका लावू." आत्या उठली, ताटं उचलायला लागली, आणि माझ्याजवळून जाताना हळू आवाजात बोलली, "बापाशी बोलतेयस तू. ऑफिसातल्या शिपायाशी नाही." श्रीखंड कोणी खाल्लं नाही.

पुढचे चार दिवस मी त्या मशीनच्या मागे लागलेले. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरायचा आणि बंद. म्हणजे आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतोय, एवढं मला कळत होतं. कुठे शॉर्ट आहे याचं उत्तर पण माझ्याकडे तयार होतं, पाणी. त्यामुळे मी फक्त पाणी शोधत बसले. मदरबोर्ड बाहेर काढला, फटीफटीतून हळद निघाली, एक अक्षता रॅमच्या खाचेत सापडली, मला केवढा आनंद झाला तिला बघून, चोर सापडल्यासारखा. स्पिरिटने पुसलं, हेअर ड्रायर लावला, एक दिवस पंख्याखाली ठेवलं. जुनं कार्ड लावलं, नवीन काढलं, रॅम बदलली, एका वेळी तीन गोष्टी बदलल्या, मग कशाने काय झालं तेच कळेना. ऑफिसात कोणी असं केलं तर मी त्याला ऐकवते. बाबा दारात येऊन उभे राहायचे. आत नाही यायचे. "काही होईल का त्याचं?" मी बोलायचे, बघू. एकदा तर मी ती अक्षता त्यांना दाखवली, आई. तळहातावर ठेवून दाखवली. हे बघा, बोलले.

या चार दिवसांत मला सारखी तू आठवत होतीस आणि का आठवतेयस ते कळत नव्हतं. आता कळतं. तू वागळे इस्टेटच्या त्या कारखान्यातून काम घरी आणायचीस, वायरचे गठ्ठे आणि पांढरे प्लग. ओट्यासमोर चटई टाकलेली, पिना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, मध्ये आपण दोघी. तू वायरच्या टोकाला पिन दाबायचीस आणि मी ती प्लगच्या भोकात सरकवायचे, टक वाजेपर्यंत. लाल, मग दोन काळ्या, मग पिवळी. कुकर वाजायचा, तू पायानेच चटई मागे ढकलायचीस, वायरला भाताची वाफ लागू नये म्हणून. मी दहा वर्षांची असेन. मला ते काम इतकं आवडायचं की होमवर्क टाकून बसायचे. पण एकदा टीव्हीवर माझं काहीतरी लागणार होतं, आणि मी भराभर सरकवत गेले, आणि काही प्लग मी उलटे धरले. प्लग उलटा धरला की लालच्या जागी पिवळी जाते. बघायला सगळं सारखंच दिसतं. टक पण वाजतं.

तो माल परत आला. त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती आणि मी तुझ्यासोबत कारखान्यात आलेले, खोक्यावर बसून चिवडा खात होते. सुपरवायझरने प्लग टेबलावर ओतले आणि विचारलं, हे कोणाच्या घरचं? आठ-नऊ बायका कामं थांबवून बघायला लागल्या. तू उभी राहिलीस आणि बोललीस, "माझं आहे. मी तपासलं नाही." बस्स. तो बराच वेळ बोलला, तू ऐकून घेतलंस, पदर खांद्यावरून सरळ करत. मी चिवडा खात राहिले. मला माहीत होतं ते कोणी केलंय. निम्मे प्लग तुझे होते, निम्मे माझे, आणि तुझे कधी चुकायचे नाहीत. घरी येऊन तू सगळे प्लग चटईवर ओतलेस, बझरवालं मीटर काढलंस आणि मला समोर बसवलंस. "प्लग बसला म्हणजे जोडलं असं नाही. दोन टोकांना सुया लावायच्या, वाजलं की पुढचं. एकेक." तेवढंच बोललीस. कोणी केलं हे विचारलंच नाहीस. माझ्या तेराव्या वाढदिवसाला तू मला तुझं ते पिवळं मीटर दिलंस, नवीन चामड्याच्या पाकिटात घालून. मैत्रिणींना लोकांनी घड्याळं दिलेली, मला मीटर, मी जराशी रुसलेले पण. ते अजून चालतं. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतं, मशीनपासून हातभर लांब.

पाचव्या दिवशी, रविवारी, मी सगळं खोक्यात भरून डोंबिवलीला नेलं, माझ्या कॉलेजच्या मित्राकडे. त्याचं रिपेअरचं दुकान आहे. मी त्याला आल्या आल्या पाण्याची गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच सांगितली, लिंबू वगैरे. तो हसला, आणि हसत हसत त्याने एकेक वायर काढायला सुरुवात केली. एक काढायची, बटण दाबायचं. एक काढायची, बटण दाबायचं. हार्ड डिस्कची वायर काढली आणि मशीन चालू झालं. सगळे पंखे, सगळे दिवे, नवीन कार्ड, सगळं मस्त. मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली. तो नाही हसला. तो हार्ड डिस्कची वायर बोटात धरून बघत होता. "ए, ही केबल कुठली?"

आई, नवीन पॉवर सप्लायसोबत त्याच्या नवीन केबल येतात. मी बाकी सगळ्या नवीन लावलेल्या. फक्त हार्ड डिस्कची जुनी ठेवलेली, कारण ती मी मागच्या बाजूने इतकी सुंदर फिरवून, बांधून ठेवलेली की काढायचा जीव होईना. सप्लायच्या बाजूचा प्लग सारखाच दिसतो. मी लावला. टक वाजलं. पण एका कंपनीच्या सप्लायमध्ये जिथे कमी व्होल्टची पिन असते, तिथे दुसऱ्याच्यात जास्तीची असते, आणि हे कुठे लिहिलेलं नसतं असं पण नाही, डब्यात चिठ्ठी होती, जाड अक्षरात, जुन्या केबल वापरू नका. मी ती वाचली नव्हती. मला कशाला वाचायला लागते. त्याने मीटरच्या सुया लावून मला आकडा दाखवला. पाच व्होल्ट पाहिजे तिथे बारा. "पाण्याला कशाला शिव्या देतेस," तो बोलला, "बटण दाबलं त्याच सेकंदाला डिस्क गेली. तुझ्या बाबांनी गंगा ओतली नसती तरी गेली असती." मग माझं तोंड बघून जरा नरमला. बोलला, होतं गं, मी पण एकदा केलंय. पण मला ते ऐकूच येत नव्हतं. त्या डिस्कवर गेम होता, आणि बाबांचा डेपो होता, ते अकरा ड्रायव्हर. बॅकअप? ऑफिसात मी सगळ्यांना बॅकअपवर भाषण देते. घरी नव्हता.

कळव्याला परत येईपर्यंत मी वाक्य तयार केलेलं. बाबा, तुमचं काही चुकलं नाही, माझीच चूक होती. किती सोपं आहे बघ, लिहिताना सहज लिहिलं. दार बाबांनीच उघडलं, खोकं हातातून घेतलं, खाली ठेवलं, लगेच हात मागे घेतला. "काय बोलला तो?" मी बोलले, मशीन ठीक आहे, डिस्क गेली. "म्हणजे आपला डेपो?" मी मान हलवली. त्यांनी खोक्याकडे बघितलं. मग बोलले, "माझंच चुकलं. तू सांगत होतीस." मी तेव्हा बोलायचं ना. मी बूट काढत होते. बुटाची लेस सोडवत राहिले. आणि मग बोलले, जाऊ दे बाबा, होतं असं. जणू मी माफ करतेय त्यांना.

डिस्क मी ठाण्यात एकाकडे दिली, जळलेल्या डिस्कमधून डेटा काढून देतो तो, म्हातारा माणूस, एका खोलीत मायक्रोस्कोप लावून बसतो. मी त्याला बारीकसारीक सगळं खरं सांगितलं, केबलचं पण. अनोळखी माणसाला सांगायला काहीच वाटलं नाही. त्याने मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं, तिळाएवढा एक पार्ट काळा पडलेला. तो काढून टाकला की डिस्क चालू होईल कदाचित, बोलला, आणि झाली. आठवड्यात सगळं परत मिळालं. डेपो, बस, अकराच्या अकरा माणसं. मी धावत घरी आले, नवीन डिस्कवर चढवलं, योग्य केबल, दोन कॉप्या, आणि या वेळेस तुझ्या मीटरने एकेक पिन वाजवून बघितली. गेम चालू केला आणि बाबांना हाक मारली. नवीन कार्डावर रस्ता असा दिसतो, आई, ओला रस्ता, पाट्या कशा कोरल्यासारख्या. बाबा आले. दारातच थांबले. तिथूनच वाचली त्यांनी पाटी, मोठ्याने, एकेक अक्षर. खूश झाले, खरंच झाले. मी खुर्ची मागे ओढली. तर बोलले, "तू चालव. मी बघतो."

मला वाटलं आज नाही बसले, उद्या बसतील. दोन आठवडे होत आले. मी चालवते, ते मागे स्टूलवर बसतात, हात मांडीखाली घालून. हात मांडीखाली का घालतात ते मी विचारत नाही. मिक्सरची पिन लावायची असली तर मला हाक मारतात. पंप चालू करायला शेजाऱ्यांना सांगतात. परवा त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावायचा होता तर वायर घेऊन माझ्याकडे आले. अठ्ठावीस वर्षं बस चालवली त्या माणसाने, घाटात ब्रेक गेलेली गाडी एकदा कठड्याला घासत थांबवली, आख्खी बस वाचवली, आणि तो माणूस आता आपल्या घरात मोबाइलची पिन लावत नाही. लक्ष्मीपूजनाला ताम्हन घेऊन सगळीकडे फिरले, कपाट, तिजोरीचा डबा, तुझं शिलाई मशीन. माझ्या टेबलापाशी आले आणि थांबले. कुंकवाचं बोट हवेत. मला विचारलं, "इथे लावू का? कोरडंच आहे." माझ्या वडिलांनी मला विचारलं. मी हो बोलले. तर त्यांनी मशीनला नाही लावलं, टेबलाच्या कडेला लावलं, लांब, लाकडावर, आणि पुढे गेले.

म्हणजे मशीन दुरुस्त झालं, डिस्क मिळाली, डेपो मिळाला, जे जे बिघडलेलं ते सगळं मी शोधून काढलं, आणि एकच गोष्ट राहिली जी मला पहिल्या दिवसापासून कुठे बिघडलीये ते माहितीये. एक वाक्य बोलायचंय. मी रोज ठरवते. चहा देताना सांगू, मग वाटतं चहा तरी सुखाने पिऊ दे. जेवताना सांगू, तर ते बातम्या बघतायत. मला भीती कसली आहे तेच नीट कळत नाही. ओरडणार नाहीत, मला माहितीये. "असू दे" बोलतील. बहुतेक त्याचीच भीती आहे. आणि अजून एक आहे, ते मी कोणाला सांगणार नाही, तुला सांगते. ते मला विचारून सगळं करतात ना, हे लावू का, ते दाबू का, तर आधी मला कसंतरी व्हायचं. पण मागच्या आठवड्यात एकदा मला ते आवडलं. क्षणभरच. आपण घरातले मोठे झालो असं वाटलं. त्यानंतर माझं मलाच इतकं घाण वाटलं की हे लिहायला बसले.

हे पत्र मी त्याच मशीनवर टाइप करतेय. दुपार आहे, बाबा बाहेरच्या खोलीत पडलेत, झोपलेले नाहीत, मला कळतं. आधी विचार केलेला, ही फाईल इथेच समोर उघडी ठेवू, ते वाचतील, माझी सुटका होईल. पण पानं सरकवायला माउस धरावा लागतो, आणि ते हात लावत नाहीत मशीनला, तर वाचणार कधी. म्हणजे तो रस्ता मीच बंद केलाय. बोलूनच सांगायला लागेल. पुढच्या रविवारी आत्या येतेय जेवायला. आई, मी ओरडले ते आत्यासमोर ओरडले. मग कबूल पण तिच्यासमोरच करायला पाहिजे ना? की आज, आत्ताच, बाबा एकटे आहेत तोवर बाहेर जाऊन सांगू, नाहीतर रविवारचं निमित्त करून मी अजून आठ दिवस त्यांना हात मांडीखाली घालून बसवेन? तू असतीस तर तुला काय बरोबर वाटलं असतं?